शंकर पाहायला हतनूरला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी आम्ही काही जण पहाटे जळगावहून निघतो आणि हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याच्या काठी, शंकर नावाच्या चिमणीएवढ्या एका पक्ष्यासाठी सकाळ घालवतो. सोबत येऊ इच्छिणारे बहुतेक जण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान दोन उत्तरं पूर्ण वाचा: एक मोबाइलवर आवाज वाजवण्याबद्दलचं, दुसरं गाळाबद्दलचं.

शंकर म्हणजे नेमका कोणता पक्षी?

इंग्रजीत ब्लूथ्रोट. मराठी पक्षीनिरीक्षकांत शंकर आणि नीलकंठी ही दोन्ही नावं चालतात. शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका. लिनियसने १७५८ साली त्याला ‘स्वेसिका’, म्हणजे स्वीडनचा, ठरवून टाकलं. आपल्याकडे ज्याने कुणी त्याचं बारसं केलं त्याला मात्र तो गळा बघून हलाहल पचवणारा महादेव आठवला, आणि मला हेच नाव जास्त पटतं.

उंची-लांबी चिमणीएवढीच, पण पाय लांब आणि उभं राहणं ताठ. वजन १५ ते २० ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखरेएवढं. पाठ गाळाच्याच रंगाची, मातकट तपकिरी. डोळ्यावर ठळक पांढरट भुवई. नराच्या हनुवटीपासून छातीपर्यंत निळाभोर रंग, त्याच्या मधोमध तांबूस ठिपका. निळा संपतो तिथे आधी काळी, मग बारीक पांढरी आणि सगळ्यात खाली तांबूस कड. मादीला हा निळा गळा नसतो (क्वचित थोडी झाक असते). तिचा गळा पांढरट आणि त्याखाली काळ्या ठिपक्यांची माळ. दोघांच्याही शेपटीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, विटकरी रंगाचे डाग असतात आणि टोक काळं. ही शेपटी नीट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच वेळा पहिल्यांदा तीच दिसते.

पूर्वी याला कस्तुरांच्या कुळात धरायचे. आता दयाळ, चिरक यांच्यासोबत तो माशीमारांच्या कुळात आहे. चिरक ज्यांनी अंगणात शेपटी उभारून पळताना पाहिला आहे, त्यांना शंकराची चाल लगेच ओळखीची वाटेल.

दसऱ्याला बघतात तो नीलकंठ हाच का?

नाही. तो चास, म्हणजे नीलपंख. तो बराच मोठा, उघड्यावर तारेवर बसतो आणि उडाला की पंखांची निळाई दिसते. त्याचा गळा निळा नसतोच, तपकिरी-जांभळट असतो आणि त्यावर फिकट रेघा असतात. नावांच्या या घोळामुळे दरवर्षी कुणीतरी ‘आमच्या शेतात रोज दिसतो’ असं सांगतं. त्यांच्या शेतात दिसतो तो चास.

हा पक्षी खरंच दुर्मीळ आहे का?

जगाच्या हिशेबाने नाही. युरोपपासून सायबेरिया ओलांडून अलास्काच्या पश्चिम टोकापर्यंत त्याची वीण होते, आपल्याकडे लडाखातही तो घरटं करतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो मैदानी भारतात उतरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो. महाराष्ट्रातल्या पाणथळांवर त्याच्या नोंदी दर हिवाळ्यात होतात.

पण नोंद होणं वेगळं आणि माणसाच्या नजरेला पडणं वेगळं. फुगवट्याच्या काठी राहणाऱ्या, रोज पाण्यावर जाणाऱ्या भोई मंडळींना मी फोटो दाखवले आहेत. बगळे, पाणकावळे, चक्रवाक, टिबुकल्या त्यांना लांबून उडण्यावरून ओळखू येतात. शंकराचा फोटो पाहून एकामागून एक सगळ्यांनी माना हलवल्या. मग हरभरा निंदणाऱ्या एका मावशींनी फोटो हातात घेतला, उन्हात वाकडा करून पाहिला आणि म्हणाल्या, “हा तं आमच्या हरभऱ्यात पयतो, उंदरावानी.” पाच महिने इथेच राहणारा पक्षी, आणि तो ओळखला खाली वाकून काम करणाऱ्या बाईने. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर जगतो. उभ्या माणसाला तो दिसत नाही, एवढाच त्याचा दुर्मीळपणा.

खानदेशाने खरा दुर्मीळ पक्षीही पाहिला आहे. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडला नव्हता, तो १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आणि पाणगवतात राहणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर नावाचा एक वटवट्या आहे. त्याचा एक नमुना १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात मिळाला आणि त्यानंतर थेट २००६ मध्ये थायलंडात एक जिवंत पक्षी हाती लागला. मधली १३९ वर्षं तो होताच कुठेतरी. पाणकणसात लपणाऱ्या तपकिरी पक्ष्यांकडे ‘काय, एक वटवट्या आहे’ म्हणून पाठ फिरवू नका, असं मी सांगतो ते यामुळे.

हतनूरच का? मेहरूणला दिसत नाही का?

काठाला गवत-पाणकणीस आणि थोडा ओला गाळ शिल्लक असेल तर जळगावचा मेहरूण तलाव, वाघूर धरण, धुळ्याचा नकाणे तलाव, शिरपूरकडचं अनेर धरण, कुठेही दिसू शकतो. गावाजवळच्या पाझर तलावावरही बघत जा.

हतनूरचं वेगळेपण त्याच्या काठात आहे. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि पुढे भुसावळ तालुक्यात हतनूरचं धरण त्यांना अडवतं. पावसाळ्यात ‘४१ दरवाजे उघडले’ अशी बातमी दरवर्षी वाचता ना, तेच हे धरण. १९८२ मध्ये ते पूर्ण झालं. दोन नद्यांनी आणलेला गाळ इतक्या वर्षांत फुगवट्यात साचत गेला आहे. पाणी साठवणाऱ्यांसाठी ही डोकेदुखीच आहे, पण त्या गाळामुळे पाणी उथळ झालं, उथळ पाण्यात पाणकणीस, लव्हाळा आणि बेशरम माजली आणि त्यांच्या मुळाशी किडा-मुंगी खाणाऱ्या पक्ष्यांना घर मिळालं.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते. हरभरा, गहू, टरबूज, जे ज्याला परवडेल ते. म्हणजे जानेवारीत तुम्ही पाण्याकडे चालत गेलात तर आधी शेत लागतं, मग भेगाळलेला गाळ, मग बेशरमीच्या जाळ्या, मग पाणकणीस आणि मग पाणी. शंकर या मधल्या पट्ट्यात राहतो. झुडपाच्या सावलीतून बाहेर येतो, उघड्या गाळावर चार हात पळतो, काहीतरी टिपतो, परत आत.

आणि हा पट्टा जागेवर राहत नाही. कालव्याला आवर्तन सुटलं, दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी गेलं, की पातळी उतरते आणि काठ सरकतो. काठ सरकला की ओल सरकते, ओल सरकली की किडे सरकतात, आणि त्यांच्या मागे पक्षी. गेल्या खेपेला ज्या जाळीखाली अर्धा तास दिसला तिथे या वर्षी टरबुजाचे वेल असतात. म्हणून जागा आम्ही आदल्या आठवड्यात जाऊन नक्की करतो. ‘नेमकं लोकेशन पाठवा’ असं कुणी म्हणालं तर महिनाभर आधी ते आमच्याकडेच नसतं.

महाशिवरात्रीच्या आधीचाच रविवार का?

दोन कारणं. ऑक्टोबरमध्ये नर येतो तेव्हा त्याच्या गळ्यावरच्या पिसांची टोकं फिकट असतात आणि निळा रंग त्यांच्याखाली झाकलेला असतो, ठिगळं लावल्यासारखा दिसतो. हिवाळा सरता सरता तो रंग उघडा पडत जातो. फेब्रुवारीच्या मध्यावर नर बघावा, आणि मार्चच्या सुरुवातीला तर विचारूच नका. शंकराचा गळा महाशिवरात्रीच्या सुमाराला निळा व्हावा, हा योग मला दरवर्षी नव्याने आनंद देतो.

दुसरं कारण गर्दीचं. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, रस्ते दिंड्यांनी भरून जातात. यात्रेला जरूर जा, आम्हीही जातो. पण त्या दिवशी पक्षी बघायला जाऊ नका.

किती वाजता आणि कसं जायचं?

जळगावहून पहाटे साडेपाचला निघतो, भुसावळहून येणारे सहाला वाटेत भेटतात. फेब्रुवारीत सातच्या आसपास सूर्य वर येतो आणि तेव्हा आपण काठावर बसलेले असायला हवं. सात ते साडेनऊ हीच खरी वेळ. शेवटचा तुकडा शेतरस्ता आहे, उंच गाडी असेल तर बरं. दुचाकीवाल्यांनी हातमोजे आणि कानटोपी विसरू नये, नदीकाठचा गारठा गावातल्यापेक्षा जास्त बोचतो.

जास्तीत जास्त बारा जण. तेरावा कितीही जवळचा असला तरी पुढच्या वर्षी. पैसे फक्त गाडीच्या डिझेलचे आणि जेवणाचे, सारखे वाटून.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर तो पटकन बाहेर येतो म्हणे. मग तसं का करत नाही?

येतो. म्हणूनच करत नाही.

हिवाळ्यातही शंकर आपापला तुकडा राखून असतो. आवाज ऐकला की त्याला वाटतं, कुणीतरी दुसरा आपल्या जागेत घुसला. मग तो खाणं सोडतो, उघड्यावर येतो, गळा फुगवून इकडेतिकडे शोधत राहतो. फोटो छान मिळतो. पण त्याच वेळी वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो, आणि खाली आपण या पक्ष्याला झुडपाबाहेर काढलेलं असतं. शिवाय हा फेब्रुवारी आहे. दीड महिन्यात त्याला उत्तरेच्या लांबच्या प्रवासाला निघायचं आहे आणि त्यासाठी अंगावर चरबी चढवायची आहे. सकाळचे ते दोन-अडीच तास त्याच्या पोटाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी एका गटाने आमच्यापासून हाकेच्या अंतरावर स्पीकर झुडपाखाली ठेवून चाळीस मिनिटं तोच आवाज वाजवला. पक्षी आधी आला, फांदीवर चढला, शोधत राहिला. नंतर यायचा थांबला. त्यानंतरच्या दोन रविवारी आम्ही त्याच जाळीसमोर बसलो आणि तिथे काहीच हाललं नाही. तो कंटाळून गेला की त्याचं आणखी काही झालं, हे मला सांगता येणार नाही. मला तेव्हा उठून त्यांना थांबवता आलं असतं आणि मी थांबवलं नाही, हे मात्र अजून टोचतं. म्हणून आता सहलीचा एकच कडक नियम आहे: काठावर कुणाच्याही मोबाइलमधून पक्ष्याचा आवाज येता कामा नये. ओळखण्यासाठी ऐकायचा असेल तर घरी ऐका, गाडीत ऐका.

मग तो दिसतो कसा?

बसून. सगळं गुपित तेवढंच आहे.

जागा ठरली की आम्ही झुडपापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन, पोत्यावर बसतो. उभं राहिलं की पक्षी दिसत नाही आणि आपण मात्र त्याला दिसतो. पहिली दहा मिनिटं अवघड जातात. थंडी वाजते, डास कानाशी येतात, काहीच घडत नाही. पंधराव्या मिनिटाला तुमच्या असण्याची काठाला सवय होते. आधी पांढरा धोबी शेपूट हलवत पुढ्यातून जातो. मग पाणकणसात वटवट्याची बडबड सुरू होते. लाजरी पाणकोंबडी बाहेर येते, शेपटीखालचा तांबूस भाग दाखवत आत जाते. अशा वेळी नजर झुडपाच्या पानांवर ठेवू नका, झुडूप आणि गाळ जिथे भेटतात त्या काळ्या रेषेवर ठेवा.

मागच्या खेपेचं सांगतो. सात चाळीसला त्या रेषेतून एक ठिपका बाहेर आला. ढेकूळच वाटलं. ढेकूळ पळालं. चार-पाच पावलं इतकी भराभर की पाय दिसलेच नाहीत, मग एकदम थांबून ताठ उभं. शेपटी एक झटका देऊन वर, आणि त्या झटक्यात दोन विटकरी डाग उघडून मिटले. पाठ आमच्याकडे होती. सोबतच्या आठवीतल्या मुलीने माझी बाही धरली, पण तोंडातून शब्द काढला नाही. पक्ष्याने गाळाच्या एका भेगेत चोच घातली, पांढरी अळी ओढून काढली, दोनदा आपटली, गिळली. मग वळला. ऊन समोरून गळ्यावर पडलं.

त्या निळ्याला मला अजून मराठी शब्द सापडलेला नाही. मोरपंखी नाही, आकाशी नाही, निळीच्या पुडीसारखाही नाही. मधला ठिपका कुंकवासारखा, ओलसर. चौघांनी पाहिलं, बाकीच्यांना पाठच दिसली. सहा-सात सेकंदांत तो परत जाळीखाली गेला. नऊपर्यंत आणखी तीनदा आला, तेव्हा बाकीच्यांचंही पाहून झालं.

तो गातो का?

विणीच्या हंगामात, तिकडे उत्तरेत, उत्तम गातो आणि इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. इथे हिवाळ्यात बहुतेक वेळा ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाजच ऐकू येतो, कुणी जिभेने टाळूवर वाजवावं तसा. जायची वेळ जवळ आली की कधीकधी झुडपाच्या आतून अगदी हलक्या आवाजात गुणगुणणं ऐकू येतं. ते ऐकायला वारा पडलेला हवा आणि गटात कुणी कुजबुजता कामा नये.

एवढासा पक्षी इतक्या लांबून येतो हे कशावरून कळलं?

उत्तर युरोपातल्या काही शंकरांच्या पाठीवर संशोधकांनी अगदी चिमुकलं यंत्र बसवलं. ते जागा मोजत नाही, फक्त उजेड कधी झाला आणि अंधार कधी पडला एवढंच टिपत राहतं. पुढच्या उन्हाळ्यात तोच पक्षी परत सापडला की यंत्र काढून नोंदी वाचायच्या. दिवस किती मोठा होता यावरून अक्षांश आणि माध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश कळतो. त्यातून दिसलं की युरोपातले हे पक्षी आफ्रिकेकडे न वळता आग्नेयेला भारतीय उपखंडाकडे येतात. आपल्या काठावरचा अमुक पक्षी नेमका कुठला, हे त्याच्याकडे नुसतं बघून कळत नाही. लडाखचा असेल, सायबेरियाचा असेल, त्याहून लांबचाही असेल.

गाळात चालताना काय काळजी घ्यायची?

हे नीट वाचा. फुगवट्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो. पापडासारखे तडे गेलेले असतात, कडा वर वळलेल्या असतात, पाऊल टाकलं तर कुरकुरतं. त्या पापुद्र्याखाली लोण्यासारखा मऊ गाळ असतो आणि माणूस मांडीपर्यंत जाऊ शकतो.

गुरांच्या किंवा माणसांच्या ताज्या पाऊलवाटेवरूनच चाला. जिथे वाट संपते तिथे आपणही थांबायचं, समोर कितीही चांगला पक्षी असो. पाय रुतलाच तर दुसरा पाय जोराने टेकून उपसायचा प्रयत्न करू नका, दोन्ही रुततात. मागे बसा, सरळ आडवे व्हा, वजन पसरू द्या आणि रुतलेला पाय हळूहळू फिरवत सैल करा. चप्पल गेली तर जाऊ द्या.

पाण्याजवळ पाणदिवड दिसेल, ती बिनविषारी आहे. शेताच्या बांधावर घोणस असू शकते, म्हणून घोट्यावर जाणारे बूट आणि पायाखाली नजर.

शेतकरी हरकत घेत नाहीत का?

विचारून गेलं तर नाही. गाळपेरीची जमीन जलसंपदा खात्याची असते आणि हंगामापुरती कसायला मिळते, त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. म्हणजे तुम्ही ज्या हरभऱ्यातून चालणार तो बहुधा अशा घराचा असतो ज्याची जुनी जमीन याच पाण्याखाली गेली. त्यांना पेरणी ते काढणी एवढेच चार महिने मिळतात. बांधावरून एका रांगेत चाला, घाटे तोडू नका, दिसेल त्याला रामराम करा. कुणी विचारलं ‘काय पाहू राह्यले भाऊ?’ तर दुर्बीण त्यांच्या हातात द्या. आम्हाला सगळ्यात चांगल्या जागा अशाच कळल्या आहेत.

दुर्बीण कोणती हवी?

८ बाय ४२. आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ. १० पटीच्या दुर्बिणीत हात हलतो आणि पळणारा पक्षी निसटतो. विकत घ्यायची घाई करू नका, आमच्याकडे दोन जादा आहेत. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या मागच्या रबरी कडा खाली वळवून घ्या.

कपडे?

मातकट, खाकी, हिरवट. पांढरा आणि भडक लाल-पिवळा नको. अत्तर चालेल, चुरचुरणारं प्लास्टिकचं जॅकेट चालणार नाही.

फोटो काढता येतील का?

काढा, बसल्या जागेवरून. फोटोसाठी पुढे सरकायचं नाही, झुडपाच्या फांद्या बाजूला करायच्या नाहीत, अळ्या टाकून पक्ष्याला बाहेर बोलवायचं नाही. धरणाची भिंत आणि दरवाज्यांकडे कॅमेरा नेऊ नका, ड्रोन तर घरीच ठेवा.

मुलांना, वयस्क माणसांना आणता येईल का?

आठ वर्षांच्या वरच्या मुलांना आणा. गप्प बसायला मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, हा माझा अनुभव आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीची खुर्ची आणतो, काठापर्यंतचं चालणं साधारण एक किलोमीटर. महिलांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: काठावर स्वच्छतागृह नाही. भुसावळला थांबतो तिथे सोय आहे, आणि परतताना जिथे जेवतो त्या घरी आहे. मधले साडेतीन तास नाही.

आणखी काय दिसेल?

पाण्यावर थापट्या, हळदीकुंकू बदक, चक्रवाक. उथळात शेकाट्या आणि तुताऱ्या. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, गवतात नशीब असेल तर लाल मुनियांचा थवा. तारेवर, काट्यावर गप्पीदास. त्या दिवशी मात्र साडेनऊपर्यंतचे तास आपण शंकरालाच दिलेले असतात, बाकीचे पक्षी नंतर.

जेवणाचं काय?

फेब्रुवारी म्हणजे भरताचे शेवटचे दिवस. ओळखीच्या एका शेतात हिरवी मोठी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, सालं काढून ठेचतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. हे जेवण चुकवून लवकर परत जाऊ म्हणणाऱ्यांचा आम्ही आग्रह मोडून काढतो.

या पक्ष्याला धोका कशाचा आहे?

आपण ज्याला घाण म्हणतो ती साफ होण्याचा. पाणकणीस आणि बेशरम दोन्ही कुणाला नको असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काठ पेटवून दिले जातात. वीटभट्ट्यांसाठी गाळमाती उचलली जाते. शहराजवळच्या तलावांना भिंत, फरशी आणि दिवे मिळतात, आणि तलाव सुंदर झाला असं सगळ्यांना वाटतं. पाणी तेवढंच राहतं, पक्षीगणनेत बदकंही दिसतात, पण भिंतीला गाळाचा काठ नसतो आणि शंकर तिथून निघून जातो. त्याची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो होता हेच ठाऊक नसतं.

बेशरम बाहेरून आलेली वनस्पती आहे, ती माजू नये हे मलाही मान्य आहे. मागणं इतकंच की काढायची तर पक्षी गेल्यावर, एप्रिलनंतर काढा, आणि पाणकणसाचे पट्टे राहू द्या. तुमच्या गावच्या तलावाचं सुशोभीकरण निघालं तर ग्रामसभेत एक बाजू तरी मातीची ठेवा म्हणून सांगा. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात शाळांमध्ये बोलायला बोलावतात तेव्हा मी हेच सांगत फिरतो.

आलो आणि दिसलाच नाही तर?

असं झालेलं आहे. एका वर्षी आदल्या रात्री आवर्तन सुटलं, सकाळी आम्ही पोहोचलो तर पाणी पन्नास पावलं आत गेलेलं आणि आमच्या जाळ्या कोरड्या गाळावर उभ्या. साडेदहापर्यंत बसलो. त्या दिवशीही ‘शंकर: शून्य’ अशी नोंद केली. शून्यही लिहायचंच, नाहीतर पुढच्या माणसाला तो कधी नसतो हे कळत नाही.

नोंद कशी करायची?

ई-बर्ड ॲप मोबाइलवर घ्या, आम्ही तिथेच शिकवतो. तारीख, वेळ, किती जण होतो, किती वेळ बसलो, नर किती, मादी किती. मादी दिसली तर ‘नीट दिसला नाही’ असं लिहू नका. तिची पांढरी भुवई, गळ्याखालची काळी माळ आणि शेपटीचे विटकरी डाग, एवढ्यावर ती शंभर टक्के ओळखता येते. बहुतेक याद्यांत नरच असतात, कारण निळा दिसेपर्यंत लोक मोजायलाच सुरुवात करत नाहीत.

सोबत एक साधी वहीही आणा. माझ्या वहीत मागच्या खेपेची शेवटची ओळ अशी आहे: ८.५०, पाण्याकडून दुसरी जाळी, मादी एकटी, भेगेतून काहीतरी खाताना, पाच मिनिटं. हरभऱ्यातल्या मावशींनाही दाखवली.